हरलेला डाव कसा सांगावा: पोकर खेळणाऱ्यांसाठी काही पथ्ये

कोथरूड, बाणेर, सहकारनगर किंवा हिंजवडीतल्या घरांत शनिवारी रात्री पोकरची बैठक जमते, तेव्हा पत्ते वाटण्यात आणि चिप्स मोजण्यात जितका वेळ जातो, त्याच्या जवळपास तितकाच वेळ हरलेल्या डावांच्या हकिकती सांगण्यात आणि ऐकण्यात जातो. हे स्वाभाविक आहे. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात आणि टेबलावर सगळ्यांची सामाईक पाच पाने उघडली जातात: आधी तीन (फ्लॉप), मग चौथे (टर्न), मग पाचवे (रिव्हर). त्यात योग्य निर्णय घेऊनही माणूस हरतो, आणि आपले काही चुकलेले नसताना झालेले नुकसान कोणाला तरी सांगितल्याखेरीज मनातून जात नाही. तरीही प्रत्यक्ष हरण्याने बैठकीचा जेवढा विरस होतो, त्याहून कितीतरी अधिक तो हरल्याच्या हकिकतीने होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगणारा चिडलेला असतो, ऐकणारा कंटाळलेला असतो, जिंकलेला संकोचून बसतो आणि नव्याने शिकायला आलेला पुढच्या शनिवारी येत नाही. वास्तविक हीच हकिकत नीट सांगितली तर तिच्यामुळे सगळ्यांचा खेळ सुधारू शकतो, आणि म्हणूनच ती सांगण्याची रीत शिकून घेण्यासारखी आहे.

एक खुलासा आधीच करणे आवश्यक आहे. येथे जिला बैठक म्हटले आहे ती पैसे न लावता, केवळ चिप्सवर खेळली जाणारी घरगुती बैठक आहे. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा लागू आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना देशभर मनाई केली आहे. त्यामुळे पुण्यातल्या खेळाडूंच्या तोंडी पैशांच्या डावांच्या ज्या हकिकती असतात, त्या बहुधा गोव्यातल्या कॅसिनोंमधल्या किंवा ऑनलाइन खेळाच्या मागच्या काळातल्या असतात. सांगण्याची पथ्ये मात्र चिप्सच्या डावाला आणि पैशांच्या डावाला सारखीच लागू पडतात.

या सगळ्या पथ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो तोंड उघडण्यापूर्वी सांगणाऱ्याने स्वतःला विचारायचा आहे: समोरच्याकडून मला दिलासा हवा आहे की मत हवे आहे? दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण त्या एकाच हकिकतीत मिसळल्या की ऐकणाऱ्याला काय करावे ते कळत नाही. तो सहानुभूती दाखवतो तेव्हा सांगणारा म्हणतो, "तसं नाही रे, मी टर्नला काय करायला हवं होतं ते सांग". आणि तो टर्नविषयी बोलू लागतो तेव्हा सांगणारा दुखावला जातो. दिलासा हवा असेल तर हकिकत दोन वाक्यांत संपली पाहिजे. मत हवे असेल तर ती पूर्ण तपशिलासह, पण शेवट न सांगता मांडली पाहिजे. या दोहोंच्या मधली, दहा मिनिटे चालणारी आणि शेवटी "आता बोल!" असे म्हणून थांबणारी हकिकत टाळावी.

सांगण्यापूर्वी डावाची जात ओळखावी

हरलेले सगळे डाव एका जातीचे नसतात, आणि बहुतेक कटुता चुकीच्या जातीचे नाव घेतल्याने निर्माण होते. खेळाडू ज्याला बॅड बीट म्हणतात तो डाव असा, की चिप्स मध्ये गेल्या त्या क्षणी आपण स्पष्टपणे पुढे होतो आणि नंतर आलेल्या पानाने मागे पडलो. कूलर म्हणजे दोन्ही बाजूंकडे इतकी भक्कम पाने आली की हरणाऱ्याला फोल्ड करणे, म्हणजे पाने टाकून डाव सोडणे, जवळपास अशक्यच होते. तिसरी जात म्हणजे आपण चुकीचा कॉल (समोरच्याइतक्या चिप्स लावणे) किंवा चुकीचा रेझ (त्याहून जास्त लावणे) केला आणि हरलो. ही तिसरी जात संख्येने सर्वांत मोठी असते, परंतु तिची हकिकत मात्र पहिल्या जातीच्या नावाने सांगितली जाते.

जात ठरवण्याची कसोटी सोपी आहे: चिप्स नेमक्या केव्हा मध्ये गेल्या? २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत, शेवटचे दहा खेळाडू उरले असताना, फिल आयव्ही यांच्याकडे नव्व्यांची जोडी होती आणि ख्रिस मनीमेकर यांच्याकडे एक्का आणि राणी. फ्लॉपवर दोन राण्या आणि एक छक्की आली, टर्नला नव्वी आली आणि आयव्ही यांचे फुल हाउस (एका दर्जाची तीन आणि दुसऱ्या दर्जाची दोन पाने) झाले. उरलेल्या चिप्स तेथे मध्ये गेल्या. एकमेकांची चार पाने आणि टेबलावरची चार पाने वजा जाता शिल्लक ४४ पानांपैकी केवळ सात पाने मनीमेकर यांना तारू शकत होती: तीन एक्के, तीन छक्क्या आणि एक राणी. म्हणजे आयव्ही सुमारे ८४ टक्क्यांनी पुढे होते. रिव्हरला एक्का आला, आयव्ही दहाव्या क्रमांकावर बाहेर पडले, आणि ८३९ खेळाडूंची ती स्पर्धा मनीमेकर यांनी जिंकली. याला बॅड बीट म्हणण्याचा हक्क आहे.

आता २०१७ च्या त्याच स्पर्धेतला व्हेनेसा सेल्ब्स्ट यांचा डाव पाहावा. त्यांच्याकडे एक्क्यांची जोडी होती, गाएल बोमन यांच्याकडे सत्त्यांची. फ्लॉपवर एक्का, सत्ती आणि पंजी आली, म्हणजे सेल्ब्स्ट प्रचंड पुढे होत्या. टर्नला डेकमधली शेवटची सत्ती आली आणि बोमन यांच्या चार सत्त्या झाल्या. वरवर पाहता ही सुद्धा टर्नच्या पानाने केलेली कमाल आहे. परंतु बहुतेक चिप्स त्यानंतर मध्ये गेल्या, आणि त्या गेल्या तेव्हा सेल्ब्स्ट मागे होत्या. एक्क्यांचे फुल हाउस हातात असताना फोल्ड करणारा खेळाडू क्वचितच सापडेल, म्हणून हा कूलर आहे. हा फरक केवळ शास्त्रार्थाचा नाही. बॅड बीटच्या हकिकतीत सांगण्यासारखे फारसे काही नसते, कारण निर्णय आधीच बरोबर ठरलेला असतो. कूलरच्या हकिकतीत निदान एवढे विचारता येते, की थोड्या कमी चिप्स गमावून डाव संपवता आला असता का.

शक्यतेचे आकडे सांगणाऱ्याने स्वतःसाठी लक्षात ठेवावेत. एक्क्यांची जोडी फ्लॉपपूर्वी राजांच्या जोडीविरुद्ध सुमारे ८२ टक्के वेळा जिंकते. याचा दुसरा अर्थ असा, की असा प्रसंग पाच वेळा आला तर पाचही वेळा जिंकण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच आहे. म्हणजे पाच प्रसंगांत एकदा तरी हरणे हीच अधिक संभाव्य गोष्ट आहे. टर्ननंतर फ्लशसाठी, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांसाठी, एक पान हवे असलेला खेळाडू ढोबळमानाने पाचातून एकदा ते पान मिळवतो. जी गोष्ट पाचातून एकदा घडते तिला अघटित म्हणता येत नाही, आणि प्रत्येक बैठकीत घडणाऱ्या गोष्टीचे वर्णन आकाश कोसळल्यासारखे केले की ऐकणाऱ्याचा सांगणाऱ्याच्या निर्णयशक्तीवरचा विश्वास उडतो. त्याउलट रिव्हरला डेकमधली दोनच पाने आपल्याला हरवू शकत होती आणि त्यांतले एक आले, तर ती घटना सुमारे साडेचार टक्क्यांची आहे, आणि ती दोन वाक्यांत सांगण्यास काहीच हरकत नाही.

चालू डावात मौन

सर्वांत कडक पथ्य वेळेचे आहे. चालू डावात, आपण फोल्ड केलेले असले तरी, आपल्या पानांविषयी एक अक्षरही उच्चारू नये. समजा आपण सत्ती आणि गुलाम फोल्ड केले आणि फ्लॉपवर दोन सत्त्या आल्या. अशा वेळी तोंडातून निघालेला "अरेरे!" किंवा कपाळावर मारलेला हात हा निरुपद्रवी वाटतो, पण प्रत्यक्षात आपण टेबलावरच्या सगळ्यांना सांगितलेले असते की तिसरी सत्ती आता कोणाकडे असण्याची शक्यता निम्म्याने घटली. जो खेळाडू सत्ती असल्याचा आव आणून बेट करणार (चिप्स लावणार) होता त्याचे नुकसान झाले, आणि ज्याच्यासमोर तो आव आणला जाणार होता त्याचा फुकट फायदा झाला. २००१ साली स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांतही चालू डावातील किंवा टाकून दिलेल्या पानांविषयी बोलण्यास मनाई आहे. घरगुती बैठकीत पंच नसतो, म्हणून हे पथ्य प्रत्येकाने आपणहून पाळायचे असते, आणि यजमानाने ते पहिल्याच डावाआधी सगळ्यांना सांगून ठेवणे उत्तम.

डाव संपल्यानंतर, पुढची पाने पिसली जात असताना, एक वाक्य चालते. "रिव्हर बसला" एवढे म्हणून चिप्स सरकवाव्यात आणि पाने द्यावीत. याहून लांब काही असेल तर ते जेवणाच्या किंवा चहाच्या वेळेसाठी राखून ठेवावे. याचे कारण केवळ शिष्टाचाराचे नाही. नुकताच मोठा पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) हरलेला माणूस बोलत राहिला की त्याचे लक्ष मागच्या डावात अडकते आणि पुढचे दोन-तीन डाव तो रागाच्या भरात, ज्याला खेळाडू टिल्ट म्हणतात त्या अवस्थेत, खेळतो. गप्प राहणे हे येथे दुसऱ्यांपेक्षा स्वतःच्या चिप्सच्या हिताचे असते.

कोणाला सांगावे

ऐकणाऱ्याची परवानगी घ्यावी. "एक डाव सांगायचा आहे, दोन मिनिटं आहेत का?" हा प्रश्न विचारायला काही पडत नाही, आणि तो विचारला की ऐकणारा निम्मा अनुकूल होतो. अमेरिकी खेळाडूंमध्ये अशी हकिकत ऐकण्याचा मोबदला म्हणून एक डॉलर मागण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे त्याऐवजी चहाचा संकेत ठेवता येईल: ज्याला हकिकत सांगायची असेल त्याने जवळच्या अमृततुल्यमध्ये ऐकणाऱ्याला चहा पाजावा. असा संकेत ज्या मंडळींनी ठरवून घेतला, त्यांच्यात हकिकतींची संख्या आपोआप मर्यादेत राहते, आणि ज्या सांगितल्या जातात त्या सांगण्यायोग्य असतात.

जो उठून जाऊ शकत नाही त्याला हकिकत ऐकवू नये. गोव्याहून पुण्याला परतणारी मोटार हे याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. मांडवीवरच्या कॅसिनोत रात्र काढून पहाटे निघालेले चौघे घाट चढून निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा असे करत घरी पोहोचेपर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस एकत्र असतात, आणि त्या गाडीत कोणालाही बाजूला होता येत नाही. अशा प्रवासात प्रत्येकाने आपापला एक डाव सांगावा आणि विषय संपवावा. जो गाडी चालवतो आहे त्याला तर आकडेमोड करायला लावणारा डाव सांगूच नये. शिरवळच्या थांब्यावर सांगावा. जो स्वतः सर्वांत अधिक हरला आहे त्याला आधी विचारावे की त्याला या विषयावर बोलायचे आहे की नाही, कारण अनेकदा त्याला केवळ झोपायचे असते.

घरातल्या, पोकर न खेळणाऱ्या माणसांचा प्रश्न वेगळा आहे. आई, वडील, बायको किंवा नवरा यांना फ्लॉप आणि टर्न समजावून सांगत बसण्यापेक्षा "आज चांगली पाने येऊनही हरलो" हे वाक्य पुरेसे असते. मराठी घरांत पत्त्यांची ओळख नसते असे नाही. गणपतीतल्या जागरणात रमी, मेंढीकोट, बदामसात किंवा तीनपत्ती खेळलेले काका आणि मावशी सगळ्यांकडे असतात, आणि तीनपत्ती जाणणाऱ्या मावशीला "माझ्याकडे ट्रेल होती आणि समोरच्याकडे त्याहून मोठी ट्रेल निघाली" असे सांगितले तर तिला कूलर तत्काळ कळतो. तिला कळणाऱ्या खेळाच्या भाषेत सांगावे, आणि एकदाच सांगावे.

मत हवे असेल तर कसे सांगावे

येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारी हकिकत हीच असते आणि बहुतेक जण ती उलट्या क्रमाने सांगतात. "माझ्याकडे राण्या होत्या आणि त्या माणसाने फ्लश काढला" अशी सुरुवात झाली की हकिकत तेथेच संपते, कारण ऐकणाऱ्याला शेवट कळलेला असतो आणि यापुढे तो जे मत देईल ते त्या शेवटाने रंगलेले असेल. १९८८ साली जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी दाखवून दिले होते की निर्णय घेणाऱ्याजवळची माहिती तीच असूनही, परिणाम चांगला झाल्याचे सांगितले तर लोक त्या निर्णयाला अधिक चांगला ठरवतात आणि वाईट झाल्याचे सांगितले तर अधिक वाईट. ऐकणारा कितीही जाणकार असला तरी यातून सुटत नाही. म्हणून शेवट झाकून ठेवणे ही ऐकणाऱ्याची परीक्षा घेणे नसून, त्याचे मत शुद्ध राहावे यासाठी केलेली मदत आहे.

पुण्यातल्या जिमखान्यांमध्ये ब्रिज खेळणाऱ्यांना ही सोय खेळातच मिळालेली असते. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पाने सगळ्या टेबलांवर खेळली जातात, त्यामुळे डाव संपल्यावर इतरांनी त्याच पानांत काय केले याच्याशी तुलना करता येते आणि चर्चा नशिबाकडून निर्णयाकडे वळते. पोकरमध्ये अशी तुलना उपलब्ध नसते. ती सांगणाऱ्याला आपल्या मांडणीतून निर्माण करावी लागते.

क्रम असा ठेवावा. प्रथम टेबलावर किती जण होते आणि कोणाजवळ किती चिप्स होत्या ते सांगावे, आणि हे नेहमी बिग ब्लाइंडच्या (डाव सुरू होताना एका खेळाडूने सक्तीने लावायच्या ठरलेल्या रकमेच्या; त्या खेळाडूलाही हेच नाव आहे) पटीत सांगावे. रुपयांत सांगितलेली रक्कम ऐकणाऱ्याला हिशेबाला उपयोगी पडत नाही, आणि कोणाला ती बढाई वाटते तर कोणाला स्वतःच्या परिस्थितीची टोचणी. त्यानंतर आपली जागा, आपली पाने रंगांसह, मग फ्लॉप, टर्न आणि रिव्हर ओळीने, प्रत्येक टप्प्यावर पॉट किती होता आणि कोणी काय केले यासह. समोरच्या खेळाडूविषयी एकच वाक्य, तेही पाहिलेल्या वागणुकीवर आधारलेले. आणि मग, जेथे निर्णय घेणे अवघड झाले, तेथे थांबावे.

उदाहरणादाखल असे सांगता येईल (बटण म्हणजे पाने वाटणाऱ्याची जागा, आणि चेक म्हणजे चिप्स न लावता पाळी पुढे देणे): "आठ जण होतो, माझ्याकडे आणि बटणवरच्या खेळाडूकडे प्रत्येकी १०० बिग ब्लाइंड होते. मी बटणच्या आधीच्या जागेवर, माझ्याकडे इस्पिक राणी आणि किलवर राणी. मी अडीच बिग ब्लाइंडचा रेझ केला, बटणने आणि बिग ब्लाइंडने कॉल केला, पॉट आठ झाला. फ्लॉप बदाम दश्शी, बदाम सत्ती, चौकट दुर्री. बिग ब्लाइंडने चेक केला, मी पाच बेट केले, बटणने कॉल केला, बिग ब्लाइंडने फोल्ड केला. पॉट १८. टर्न किलवर गुलाम. मी १२ बेट केले, त्याने कॉल केला. पॉट ४२. रिव्हर बदाम तिर्री. मी चेक केला, त्याने ३० बेट केले. तो रात्रभर शांतपणे खेळत होता आणि रिव्हरला मोठी बेट त्याने त्याआधी एकदाही केली नव्हती. तू काय केलं असतंस?"

हे सांगायला एक मिनिट लागते, आणि ऐकणाऱ्याला विचार करण्यासाठी लागणारे सगळे त्यात आहे. ७२ चा पॉट जिंकण्यासाठी ३० घालायचे आहेत, म्हणजे साधारण २९ टक्के वेळा आपण पुढे असलो तर कॉल बरोबरीत सुटतो, हे तो लगेच काढू शकतो. बदामाचा फ्लश रिव्हरला पूर्ण झाला आहे, आणि अठ्ठी-नव्वी असलेल्याची स्ट्रेट (ओळीने पाच पाने) टर्नलाच झालेली आहे, हे त्याला दिसते. आपल्या दोन्ही राण्या काळ्या आहेत, म्हणजे समोरच्याच्या फ्लशमधले एकही पान आपण अडवलेले नाही, हा बारकावा रंग सांगितले म्हणूनच त्याच्या लक्षात येतो. जो केवळ "राण्यांची जोडी" असे सांगतो तो हा बारकावा ऐकणाऱ्यापासून हिरावून घेतो. ऐकणाऱ्याने आपले मत कारणांसह सांगितले, की मग शेवट सांगावा. त्याचे मत आपल्या निर्णयाच्या विरुद्ध असेल तर वाद घालू नये, कारण मत आपण मागितले होते. "पण त्याच्याकडे खरंच फ्लश होता ना!" हे मुद्द्याचे उत्तर नव्हे.

ज्यांना तपशील आठवत नाही त्यांनी मत मागू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. "पॉट मोठा होता, नेमका किती ते आठवत नाही" या वाक्यानंतर कोणतेही उपयुक्त मत देता येत नाही. मोठा डाव संपल्यावर मोबाइलमध्ये चार ओळी टिपून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. या ओळींचा आणखी एक लाभ असा, की लिहिताना अनेकदा आपली चूक आपल्यालाच दिसते आणि हकिकत सांगण्याची गरज उरत नाही.

जिंकलेला समोर असेल तेव्हा

हकिकतीत जिंकणाराही एक माणूस असतो, आणि बैठकीत तो बहुधा तीन फुटांवर बसलेला असतो. त्याच्यासमोर "असला कॉल कोण करतं?" असे म्हणणे ही तक्रार नसून आरोप असतो. अनुभवी खेळाडू नवख्याला असे बोलतो तेव्हा त्याचे दुहेरी नुकसान होते: एकतर चुकीचे कॉल करणाऱ्या खेळाडूंमुळेच दीर्घकाळात आपल्याला चिप्स मिळतात, आणि दुसरे म्हणजे नवखा माणूस एकतर येणे बंद करतो किंवा भीतीने चांगले खेळू लागतो. पण हा हिशेब बाजूला ठेवला तरी, यजमानाची वहिनी किंवा कॉलेजातला भाचा पहिल्यांदाच खेळायला बसला असेल आणि दश्शी-सत्ती घेऊन आपल्या एक्क्यांना हरवत असेल, तर त्या क्षणी त्यांना झालेला आनंद हिरावून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. "छान, तुमचा पॉट" म्हणावे. तो कॉल चुकीचा का होता हे त्यांनी नंतर विचारले तर सांगावे, न विचारता सांगू नये.

जिंकलेल्यासाठीही पथ्ये आहेत. त्याने माफी मागू नये, कारण ती खोटी वाटते. आणि "मला आतून वाटतच होतं की पान येणार" असेही म्हणू नये. आपली पाने दाखवावीत, पॉट ओढून घ्यावा आणि पुढच्या डावाकडे वळावे. आपण जिंकणार हे माहीत असताना पाने उशिरा उलटून समोरच्याला क्षणभर आशेत ठेवणे हा तर टेबलावरचा सर्वांत वाईट प्रकार आहे, आणि अशा वेळी हरलेल्याने नाराजी व्यक्त केली तर ती रास्त मानावी.

तिसऱ्या कोणाला हकिकत सांगताना जिंकणाऱ्याचे नाव घेऊ नये. "बटणवरचा खेळाडू" पुरेसे आहे. नाव घेतले की त्याची खेळण्याची पद्धत गावभर होते, आणि घरगुती बैठकीत एकमेकांवर टाकलेला विश्वास त्याने सैल होतो. व्हॉट्सअॅपच्या गटावर हाच नियम दुप्पट कडकपणे पाळावा, आणि तेथे हकिकत लिहून टाकावी. मध्यरात्री पाठवलेले पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण कोणीही शेवटपर्यंत ऐकत नाही.

ऐकणाऱ्याचे काम

दिलासा मागणाऱ्याला दिलासाच द्यावा. "वाईट झालं रे" एवढे तीन शब्द पुरतात. त्याला लगेच शक्यतेचे आकडे ऐकवू नयेत. ते त्याला ठाऊक असतात आणि त्या क्षणी नको असतात. "मी असतो तर टर्नलाच सोडून दिलं असतं" हे वाक्य, शेवट कळल्यानंतर उच्चारले असेल तर, पूर्णपणे निरर्थक आहे. विचारल्याशिवाय मत देण्याची आपल्या शहराची जुनी सवय येथे थोडा वेळ आवरावी. आणि "हे काहीच नाही, माझं ऐक" असे म्हणून आपली हकिकत पुढे रेटणे तर कटाक्षाने टाळावे, कारण दुसरा माणूस नुकताच बोलून थांबलेला असतो आणि त्याचे ऐकले गेले की नाही हे त्याला अजून कळलेले नसते. काय म्हणावे ते सुचत नसेल, तर "दिलासा हवा की मत?" असे सरळ विचारावे; चांगल्या ओळखीत या प्रश्नाने कोणी दुखावत नाही. एकच डाव तिसऱ्यांदा सांगितला जात असेल तर तसे सौम्यपणे सांगणे हेही मित्राचेच काम आहे.

एका परिस्थितीत मात्र वरची सगळी पथ्ये बाजूला ठेवावीत. हकिकतींची संख्या वाढत चालली आहे, प्रत्येक हकिकतीत दोष पानांचाच आहे, रकमा रुपयांत येऊ लागल्या आहेत, त्यांत उसन्या पैशांचा किंवा घरी न सांगितलेल्या नुकसानीचा उल्लेख होतो आहे, किंवा "एकदा भरून काढलं की थांबतो" असे शब्द ऐकू येत आहेत, तर समोरचा माणूस आता पत्त्यांविषयी बोलत नाही हे ओळखावे. त्याच्या डावाचे विश्लेषण करू नये आणि त्याला पैसेही देऊ नयेत. इतरांपासून बाजूला घेऊन, "किती कर्ज झालंय आणि घरी कोणाला माहीत आहे?" हे थेट विचारावे. तो पहिल्यांदा टाळेल. चार दिवसांनी पुन्हा विचारावे. त्याला बैठकीचे निमंत्रण देणे काही काळ थांबवावे, पण भेटणे थांबवू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यविषयक मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, तेथे मराठीतूनही बोलता येते, आणि पहिला फोन त्याच्या शेजारी बसून लावून दिला तर तो लावला जाण्याची शक्यता बरीच वाढते.